आपट्याची तीन पानं

द्वारका, नवी दिल्ली
४ ऑक्टोबर २००१

प्रिय सुखदा,

पाकीट बघून तुला हसू येईल. परवाच तर फोनवर आपण अर्धा तास अनारशांच्या पिठावर बोललो, आणि आज आईचं हे जाडजूड पत्र. हल्ली पत्रं लिहितं कोण, असं तूच म्हणतेस. पण आपला फोन हॉलमध्ये आणि हॉलमध्ये दिवसभर तुझे बाबा. शिवाय फोनवर मला बेमालूम खोटं बोलता येतं, हे गेल्या सात वर्षांत माझं मलाच चांगलं कळलंय. कागद समोर असला की हात अडतो. तेव्हा पिल्लूला शेजारच्या काकूंकडे सोड, चहा कर आणि एकटी बसून वाच. राजवर्धनला मग दाखव. दाखवच.

इकडचं म्हणशील तर सोसायटीत पाणी अजून टँकरचं, लिफ्ट महिन्यातून आठ दिवस चालते, आणि समोरच्या सेक्टरात आणखी सहा टॉवर उभे राहिलेत. सगळे एकाच मापाचे, एकाच पिवळट रंगाचे. मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे बंगाली बाबू पलीकडच्या सोसायटीत शिरून भलत्याच दाराला किल्ली लावत बसले होते. अख्खी बिल्डिंग हसली. मी हसले नाही. रस्ता चुकण्यावर हसायचं मी कधीच सोडलंय.

बाबांबद्दल तुला मी जे सांगते ते खरं असतं, पण अर्धं असतं. विसरतात, वय झालं, डॉक्टर म्हणाले काळजी नको, हे सगळं खरं. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नाही. आता उरलेलं अर्धं ऐक. गेल्या सोमवारी मी पोळ्या लाटत होते आणि बेडरूममधून ‘आलोच’ म्हणून ते उठले. केवढा तो आपला फ्लॅट, चौदा पावलांचं अंतर. माझ्या पोळ्या झाल्या, कुकर गार झाला, तरी यांचा पत्ता नाही. बेडरूममध्ये बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, बाल्कनीत बघितलं. दार आतून बंद, कडी लावलेली. पाऊण तासाने स्वयंपाकघराच्या दारात उभे. कपाळावर घाम, ओठ सुकलेले. म्हणाले, वैजू, मध्ये झाडं फार झालीत गं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि खाली वाकले तर पायजम्याच्या पायांना कुसळं लागलेली. एकेक उपटून काढली नि केराच्या डब्यात टाकली. तिसऱ्या मजल्यावर कुसळं कुठून आली, हे मी त्यांना विचारलं नाही. मला माहीत होतं.

तुझे बाबा म्हणजे रस्ता कधी न विचारणारा माणूस. तीस वर्षं नकाशांच्या ऑफिसात काढलेली, उंचसखल रेघा बघितल्या की डोंगर डोळ्यांपुढे उभा करायचे. मारुती घेतली आणि आपले रविवार कसे पालटले ते आठवतं ना तुला? आर. के. पुरमच्या क्वार्टर्समधून सकाळी सातला निघायचं, डब्यात थालीपीठं, वर लोण्याचा गोळा, मेहरौली मागे टाकायची आणि गुडगावच्या पुढे फरीदाबादच्या रस्त्याने अरवलीत शिरायचं. तेव्हा तिकडे मोहरीची शेतं, दगडाच्या खाणी आणि मध्येच कुठे ‘येथे स्वप्ननगरी होणार’ अशी पाटी. बाकीचे मराठी लोक रविवारी मंडळात पत्ते कुटायचे आणि आपण तिघं डोंगर हुडकत फिरायचो. बाबा प्रत्येक वाट वहीत काढून ठेवायचे. हरवलेला माणूस आळशी असतो, असं म्हणायचे. डोंगर डाव्या हाताला ठेवला की दिल्ली आपोआप येते, हे त्यांचंच वाक्य.

आता चौऱ्याण्णवचा दसरा. त्या वर्षी सुरतेला प्लेगची साथ आली होती आणि लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडत होते. दरवर्षी मंडळाच्या दसऱ्याला भुसावळहून आपट्याच्या पानांचं पोतं यायचं. आणणारे गृहस्थ त्या वर्षी गाडीत बसायलाच तयार नव्हते. महिलांच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, कचनारची पानं वाटू, दिल्लीत रस्त्यारस्त्यावर आहेत, दिसतात तशीच. झालं, माझ्या अंगात संचारलं. मी उठून म्हटलं, कचनार म्हणजे आपटा नव्हे, पितळेला सोनं म्हणून वाटायची आपल्यावर अजून वेळ आलेली नाही, सोनं मी आणते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी अशी फुगले होते की विचारू नकोस. माझ्या डोक्यात ते झाड होतं. जानेवारीत आपण एका जुन्या रानात गेलो होतो, तिथे बाबांनी वहीत खूण केली होती: आपटा, एक, जुना.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी गाडीची पूजा केली. पुढे झेंडूचा मोठा हार आणि उरलेल्या फुलांचा छोटा हार मागच्या नंबरप्लेटला बांधला. मी म्हटलं, मागे कोण बघणार आहे? तर म्हणाले, मागून येणाऱ्याला कळायला नको का, आज दसरा आहे ते. हा हार लक्षात ठेव. हरियाणाची हद्द ओलांडली तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला, झालं आपलं सीमोल्लंघन म्हणाले, आणि तू मागून वॉकमन काढून विचारलंस, सीमोल्लंघन मतलब? त्यांनी तुला सगळं समजावलं. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि तुझं मराठी दिल्लीच्या पाण्याने निम्मं धुऊन नेलं होतं. तो आपला शेवटचा सरळ प्रवास.

रानाच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेले दोन दगडी खांब होते, तुला आठवत असतील. त्यांच्याजवळ बाजेवर एक म्हातारबाबा हुक्का ओढत बसले होते. बाबांनी उतरून रामराम केला. म्हातारबाबा प्रेमाने बोलले, पण डोळे गाडीवर होते. म्हणाले, देखो, घूमो, बैठो, सबका है. पर यहाँ से पत्ता भी बाहर नहीं जाता. त्यांच्या गावात म्हणे पडलेलं लाकूडही कुणी उचलत नाही, मयतालासुद्धा दुसरीकडून आणतात. बाबांनी हात जोडले आणि बिल्कुल, बाबाजी, म्हणाले. मी गाडीत बसून हे सगळं ऐकलं. मुद्दाम सांगते, मी ऐकलं होतं.

खांबांतून गाडी आत नेली, आणि आपट्याच्या थोडं अलीकडे तुला गाडीत ठेवून आम्ही दोघं चालत पुढे गेलो. त्या रानात झाडं इतकी दाट की ऊन खाली उतरतच नव्हतं, पण पक्ष्यांचा नुसता बाजार भरला होता. आपट्यापाशी पोचलो आणि बाबा थांबले. म्हणाले, वैजू, राहू दे, मी शब्द देऊन आलोय, घरी जाऊन कागदाची पानं कापू. तू आजवर समजत आलीस की फांदी बाबांनी तोडली. त्यांनीच तुला तसं सांगितलं, म्हातारबाबांनाही तेच सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा मान खाली घालून उभी राहिले. फांदी मी तोडली, सुखदा. ते पाठ फिरवून चालायला लागले होते. मला मंडळातल्या बायकांची तोंडं दिसत होती. मी दोन्ही हातांनी फांदी ओढली, कट्‌ असा आवाज झाला, आणि सगळे पक्षी एकदम गप्प झाले. उडाले नाहीत. फांद्यांवर बसून होते तसेच, आणि गप्प. बाबा वळले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. चल लवकर, एवढंच म्हणाले.

पुढचं तू पाहिलं आहेस, पण त्यावर आपण तिघं पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. आत येणारी वाट एकच होती, तिला ना फाटा ना वळसा. खांबांपासून अर्धा किलोमीटर सरळ आत, तेवढंच सरळ बाहेर. बाबांनी गाडी वळवली, पाच मिनिटं चालवली, आणि आपण परत आपट्यासमोर. बाबा हसले, म्हणाले, कमाल आहे. पुन्हा निघालो. पुन्हा आपटा, तोडलेल्या जागी पांढरा ओरखडा, माझ्याच बाजूला. भर दुपारचे बारा वाजले होते. माझी आजी कोकणातली, तिच्याकडून मी चकव्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण चकवा लागतो तो पायी चालणाऱ्या माणसाला. पेट्रोलच्या गाडीला चकवा लागतो हे कुणी ऐकलं होतं? बाबा मोठ्याने मीटर वाचत होते, अर्धा किलोमीटर, एक, दीड, दोन. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. तिसऱ्या फेरीला पुढे झाडांतून एक गाडी चाललेली दिसली. बाबांना केवढं हायसं वाटलं. म्हणाले, चला, पुढचा रस्ता जाणतो, त्याच्या मागे जाऊ. पांढरी मारुती होती. आत तीन डोकी, दोन पुढे, एक मागे. मागच्या नंबरप्लेटला झेंडूचा छोटा हार.

बाबांनी ब्रेक दाबला. मी त्यांचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही. मागच्या सीटवरून तू फक्त एवढंच म्हणालीस, आई, वो लड़की मुड़ के देख रही है. मग ती गाडी झाडांत गेली आणि तू रडायला लागलीस. बाबा उतरले, डिकीतून फांदी काढली, चालत गेले आणि आपट्याच्या बुंध्याशी ठेवून आले. हात जोडून बराच वेळ उभे होते. त्यानंतर गाडी सुरू केली आणि पाच मिनिटांत समोर खांब. बाबांनी खाली उतरून म्हातारबाबांना सांगितलं की माझ्या हातून फांदी तुटली, पण आतच ठेवून आलोय. म्हातारबाबा उठले. हुक्का बाजूला ठेवून गाडीत डोकावले आणि बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

कारण माझ्या पदराच्या गाठीत तीन पानं होती. फांदी डिकीत टाकतानाच मी खुडून ठेवली होती. का ठेवली म्हणशील, तर मला नीट सांगता येत नाही. मंडळाला कागदाची चालतील, पण आपल्या घरात दसऱ्याला खरं सोनं नको का, असं काहीतरी. तीन पानं कोण मोजतंय, असंही. आणि आपण बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, बघा, कुणी मोजली नाहीत. संध्याकाळी मंडळातून परत आल्यावर देवासमोर मी तुम्हा दोघांच्या हातात एकेक पान ठेवलं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, म्हटलं. बाबांनी विचारलं, कुठून आलं? कँटोन्मेंटातल्या हेमलताबाईंकडे कुणीतरी फौजी साताऱ्याहून घेऊन आला, असं मी तोंड वर करून सांगितलं. त्यांनी ते पाकिटात ठेवलं, तू तुझ्या कंपासपेटीत, मी माझं देव्हाऱ्यात.

दिवाळीची साफसफाई करताना बघते तर देव्हाऱ्यातलं पान हिरवंगार. आपट्याचं पान चार दिवसांत वाळून कुरकुरीत होतं, तुला माहीत आहे. संक्रांतीला बघितलं, हिरवं. होळीला, हिरवं. आणि माझ्या मनात भीती आली असेल असं तुला वाटेल, तर तसंही नाही. मला आनंद झाला. त्या वर्षी द्वारकेच्या सोसायटीत आपला नंबर लागला. मग राजवर्धनचं स्थळ आपल्या पायांनी चालत आलं. नव्व्याण्णवमध्ये बाबा रिटायर झाले नि महिन्याभरात गुडगावच्या बिल्डरकडे, डोंगरावरच्या प्लॉटांचे नकाशे काढायला, सरकारी नोकरीपेक्षा मोठ्या मानाने. मी म्हणायची, खरंच सोनं निघालं. बायका विचारायच्या, वैजयंतीबाई, तुमचं सगळं कसं छान जुळून येतं? मी नुसती हसायची.

बाबा पहिल्यांदा हरवले ते मागच्या वर्षी जूनमध्ये. ऑफिसातून साडेपाचला निघाले, रोजचा रस्ता, आणि त्या खांबांपाशी पोचले. घरी येऊन हसत हसत सांगितलं. महिन्याने पुन्हा. मग दर आठवड्याला. खांबांपासून घरचा रस्ता सापडायचा, ऑफिसातून घरी येताना मात्र नाही. एप्रिलमध्ये दीड दिवस घरी आले नाहीत आणि तुला मी सांगितलं की बाबा नरसिंहकाकांकडे मयूर विहारला राहिलेत. काका आणि मी टॅक्सी करून गेलो. खांबांपाशी गाडी उभी होती, पेट्रोल संपलेलं, बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. बाजेवर कुणी नव्हतं, म्हातारबाबा वारले होते. त्या दिवसापासून गाडीची किल्ली मी तांदळाच्या डब्यात ठेवते. नोकरी सुटली. बावन्न वर्षांची मी, गाडी चालवायला शिकले, ते भाजी आणायला म्हणून नव्हे.

त्या दिवशी परतताना टॅक्सीत त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, मी रस्ता चुकत नाही गं वैजू, मी त्या गाडीच्या मागे जातो. मी विचारलं, कुठल्या? तर म्हणाले, आपल्याच. पुढे चालते. आत आपण तिघं असतो. तू डबा उघडून मला थालीपीठ भरवत असतेस आणि सुखदा मागे काहीतरी बडबडत असते. काचा बंद असतात, ऐकू येत नाही. ते घरी चाललेत हे मला कळतं, म्हणून मी मागे जातो. पण पोचत नाही. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की नरसिंहकाका खिडकीतून बाहेर बघायला लागले. मला जे वाटलं ते लिहू का? मला त्या पुढच्या गाडीतल्या बाईचा हेवा वाटला. तिने अजून फांदी तोडली नव्हती.

मला विचारशील तर मला आजवर एकदाही चकवा लागलेला नाही. कुठल्याही सेक्टरात सोडा, अंधार असो, धुकं असो, मी बरोबर दारात. माझं पान देव्हाऱ्यात तसंच हिरवं आहे. तोडणारीला रस्ता दिसत राहायचा आणि तिची माणसं मात्र एकेक करून वाट चुकायची, असा हा हिशेब असावा. खरं सांगते, मी हरवले असते तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या शुक्रवारी बाबांना नरसिंहकाकांच्या स्वाधीन करून मी एकटी गावात गेले. म्हातारबाबांची सून गोवऱ्या थापत होती. मी तिच्यासमोर पदरातली पानं काढून ठेवली, माझं आणि बाबांच्या पाकिटातलं, दोन्ही. तिने हात लावला नाही. शिव्या देईल असं वाटलं होतं, तर बिचारीने मला चहा दिला. मग म्हणाली, जिसके पास है, वही लाए, अपने हाथ से रखे. कोई किसी का नहीं रख सकता. डाकेने पाठवलं तर, मी विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. निघताना तिने मला खांबांच्या पलीकडे नेलं. डोंगराच्या त्या अंगाला तारेचं कुंपण पडलंय आणि दोन पिवळी मशीनं उभी आहेत. दिवाळीनंतर आत रस्ता काढणार. तो नकाशा बाबांच्याच बिल्डरच्या ऑफिसातला, मात्र बाबांनी रानाची जागा कोरी सोडली होती, ती मागाहून दुसऱ्या कुणीतरी भरली. बायकोचं पाप झाकणारा माणूस, त्याने शब्द तेवढा पाळला. आपटा अजून उभा आहे. मी बघून आले. तोडलेल्या जागी सात वर्षांत साल धरलेली नाही, ओरखडा कालच्यासारखा पांढरा. ते झाड गेलं की पान परत ठेवायला जागा उरणार नाही, आणि मग बाबा कुठून परत येणार?

मे महिन्यात मी तुझ्याकडे आले होते. कपाट आवरताना तू मंगळसूत्राच्या डबीतून तुझं पान काढून दाखवलंस. म्हणालीस, आई, बघ, अजून हिरवं, माझं लकी पान आहे हे. पिल्लूने हात पुढे केला आणि तू म्हणालीस, मोठी झालीस की तुलाच देणार. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, सांगितलं तर ही मला काय म्हणेल, आणि नुसतं छान म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले. स्वतःची अब्रू राखायला मी तुला त्या पानाजवळ आणखी पाच महिने ठेवलं. त्याबद्दल मला जे बोलायचं असेल ते तू तोंडावर बोल, मी ऐकून घेईन.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. काल राजवर्धनने ऑफिसमधून फोन केला. तुला सांगू नका म्हणाला, पण बिचारा घाबरलाय. रविवारी तू पिल्लूला सँट्रोत घालून कोथरूडहून औंधला मैत्रिणीकडे निघालीस, वीस मिनिटांचा रस्ता, आणि चार तासांनी तो तुला शोधत आला तेव्हा गाडी मुळशीच्या पुढे घाटातल्या रानात उभी होती. तू स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होतीस, पिल्लू मागच्या सीटवर भुकेने रडून झोपलेली. तू त्याला सांगितलंस की पुढे एक पांढरी मारुती होती, दिल्लीचा नंबर, तुला वाटलं आईबाबा न कळवता आले, म्हणून मागे गेलीस. दसरा महिनाभर लांब, अधिक महिना चाललेला, आणि मागच्या नंबरप्लेटला झेंडूचा हार कसा, असंही तू त्याला विचारलंस. दोन दिवसांनी मला फोन करून मात्र अनारशांच्या पिठात केळं घालायचं का, एवढंच विचारलंस. माझीच लेक. आता नीट ऐक. ती गाडी परत दिसली तर तिच्या मागे जायचं नाही. मागची मुलगी वळून बघेल, तिच्याकडे बघायचं नाही. गाडीला तर हातच लावू नकोस. राजवर्धनला म्हणावं, सासूने अधिक महिन्याच्या वाणाला बोलावलंय, तेहतीस अनारसे तयार आहेत. तिघंही झेलमने या, अधिक संपायच्या आत, पान डबीसकट आण, आणि पिल्लूच्या हातात चुकूनही देऊ नकोस. मी स्टेशनवर येईन. बाबांना घेऊन आपण तिघं पुन्हा त्या रानात जाऊ, तीच गाडी, मी थालीपीठं करीन. पिल्लू नि राजवर्धन घरी थांबतील. आपापलं पान आपापल्या हाताने ठेवू आणि मी मोठ्याने सांगेन की फांदी मी तोडली. गाडी मी चालवणार. मला रस्ता दिसतो.

वाट बघणारी, वाट न चुकलेली,
तुझीच
आई